दंतोपचारांचे देयक आणि वैद्यांची लेखणी

मार्च उजाडला की बोरिवली-मुलुंडच्या औषधालयांत बिलांची मागणी वाढत असे. पगारदारांना वर्षाकाठी 15,000 रुपयांपर्यंतच्या वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती करमुक्त मिळे आणि दाढ काढण्याचा खर्चही तीत चाले. 2018 च्या अर्थसंकल्पाने ही सवलत गेली, तिच्या जागी प्रमाणित वजावट आली. मागणी ओसरली, आता रुग्ण विचारतात, दाताचा खर्च विम्यातून मिळेल काय?

बहुधा नाही. एप्रिल 2020 पासूनच्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत आजार वा इजेमुळे करावी लागणारी दंतचिकित्सा आहे, आयुष चिकित्साही आहे. परंतु रुग्ण दाखल असेल तरच. विमा नियामकाच्या व्याख्येनुसार दंतचिकित्सेत दातांसह त्यांना आधार देणाऱ्या रचनाही येतात. सुश्रुतांनी सांगितलेल्या 65 मुखरोगांपैकी 15 दंतमूलगत व 8 दंतगत आहेत, म्हणजे शीताद, उपकुश हे आपले विकार या व्याख्येत सहज बसतात. गंडूष, प्रतिसारण मात्र दवाखान्यात अल्पावधीत उरकतात. येथेच कागदोपत्री दाखल दाखवण्याचा मोह होतो. आमचा त्यास स्पष्ट विरोध आहे. आयुष चिकित्सेस इतर चिकित्सांच्या बरोबरीने वागवावे, असे नियामकाने 2024 मध्ये विमा कंपन्यांना बजावले. इतक्या वर्षांनी लाभलेला हा विश्वास खोट्या दाखलपत्रांपायी का घालवावा?

ज्येष्ठांची गोष्ट निराळी, आणि ती आपल्याच अनेकांना ठाऊक नसते. आर्थिक वर्ष 2018-19 पासून साठीपुढील, आरोग्यविमा नसलेल्या व्यक्तीच्या वैद्यकीय खर्चावर 80डी कलमाने 50,000 रुपयांपर्यंत वजावट दिली, तीही केवळ जुन्या करपद्धतीत. त्या कलमात दंतोपचार वगळलेले नाहीत. रोखीने केलेला खर्च मात्र चालत नाही. घाटकोपर-अंधेरीतील आपले कित्येक वृद्ध रुग्ण आजही नोटा मोजूनच पैसे देतात. त्यांना धनादेश वा यूपीआय सुचवणे हे आपलेच काम.

औषधविक्रेत्यांनी दंतमंजनाबाबत जपावे. अबकारी कराच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाला औषध मानले नाही. तो निकाल करवर्गीकरणापुरता असला तरी रोजच्या वापराचे मंजन वेगळ्या बिलात घालावे, चिकित्सापत्रातील कल्प वेगळ्या. वैद्यांनी देयकावर निदान, केलेले कर्म, दिनांक व नोंदणी क्रमांक लिहावा. ‘औषधे व उपचार’ एवढ्याच शब्दांवर पुढे सगळे अडते.