पिशव्या कोणी राखायच्या?

सुट्टी लागली की उंब्रजहून गाड्या भरून मालवणला निघतात. पूर्वी सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा, मासळीचे ताट जेवायचे आणि परत फिरायचे, एवढाच बेत असे. आता स्कुबा केल्याशिवाय सहल पुरी झाल्यासारखे वाटत नाही. आणि पाण्यातून वर येईपर्यंत कुणाचे पाकीट, कुणाचा फोन गेला, तर गावी आल्यावर त्यालाच ऐकवतात : आपली वस्तू आपण सांभाळायला नको?

हा आक्षेप रास्त वाटतो, म्हणून आधी त्याचाच समाचार घेतो. एस.टी.त, बाजारात तो लागू पडतो. स्कुबात मात्र नाही. तिथे अंगावर पोहण्याचा पोशाख चढतो, त्याला खिसा नसतो. डोळ्यांवर मास्क, तोंडात श्वासाची नळी, पाठीवर हवेचा सिलिंडर. अंगठ्या आणि गळ्यातले काढून ठेवायचे. पाण्याखाली माणूस स्वतःचे नाक मिटून कानातला दाब सोडवत असतो, तो किनाऱ्यावरच्या पिशवीवर नजर कशी ठेवणार? वस्तू अंगावेगळी करणे ही त्या सेवेचीच अट आहे. मग ती ठेवून घेणाऱ्यावर काहीच जबाबदारी नाही, असे कसे म्हणता येईल? भारतीय करार अधिनियम १८७२ चा आहे. विश्वासाने हवाली केलेल्या वस्तूची, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावी, असे त्याचे १५१ वे कलम सांगते. ‘मौल्यवान वस्तूंची जबाबदारी ज्याची त्याची’ अशी पाटी टांगली म्हणजे हे कर्तव्य आपोआप संपत नाही.

सोने घरी ठेवून जावे, हे मला मान्य. पण फोन घरी ठेवता येत नाही. पैसे, तिकीट, खोलीचे आरक्षण, आधार कार्ड, सगळे त्यातच आहे.

या चोरीच्या भीतीची खरी किंमत कोण मोजते, तेही पाहू. जवळजवळ प्रत्येक कुटुंबातले एक माणूस वाळूत बसून राहते. बहुतेक वेळा ती आई असते, नाहीतर वहिनी. सगळ्यांच्या चपला, पिशव्या, चार-पाच फोन तिच्या मांडीशी. जावेचे मंगळसूत्र रुमालाच्या टोकाला गाठ मारून तिच्या मुठीत. ‘मला नाही आवडत पाण्यात,’ असे ती म्हणते आणि आपण ते लगेच मानून टाकतो. पैसे भरून, घाट उतरून आलेल्या त्या बाईला प्रवाळ आणि रंगीत मासे दिसत नाहीत, कारण तिथे कुलूप लागणारी एक पेटी नाही. मला पाकीट गेल्यापेक्षा याचा संताप जास्त येतो.

कुणी म्हणतात, असे बोलल्याने कोकणची बदनामी होते. पौषात आपल्या पालला खंडोबाची यात्रा भरते. खिसेकापूंपासून सावध राहा, असे तिथे ध्वनिक्षेपकावरून सांगतात, पोलीस बंदोबस्त लागतो. त्याने खंडोबाची बदनामी झाली असे कुणी म्हटलेले मी ऐकले नाही. मालवणचा माणूस विसरलेली वस्तू मागे धावत येऊन देतो, हे मी मनापासून मानतो. म्हणूनच सामानाची नोंद हवी. नोंद नसली की पहिला संशय बोटीवरच्या गरीब पोरावर जातो. चोर सोबतचा पर्यटकही असू शकतो, पण झडती त्या पोराचीच होते. क्रमांकाचे कुलूप आणि सहीची वही यांची गरज पाहुण्याहून त्या पोराला अधिक आहे.

राहिला शेवटचा मुद्दा : जिथे माणसे बुडतात तिथे पाकिटाचे काय घेऊन बसलात? एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावचे आठ जण बुडाले. २४ मे २०२२ ला स्कुबाहून परतणारी बोट तारकर्लीजवळ उलटून दोन पर्यटक गेले. या मृत्यूंपुढे पाकीट क्षुल्लकच. पण व्यवस्था वेगवेगळ्या नसतात. जो चालक किती पिशव्या घेतल्या हे लिहून ठेवतो, तोच किती माणसे चढली, किती उतरली, किती जॅकेटे वाटली हेही लिहून ठेवतो. जिथे पिशव्यांचा हिशेब नाही, तिथे माणसांचा हिशेब नीट असेल यावर मी विश्वास ठेवत नाही.

चोरी किरकोळ म्हणून सोडून देण्याला कायद्याचाही हातभार लागला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत पाच हजारांच्या आतली साधी चोरी अदखलपात्र झाली. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. तीन-चार हजारांसाठी कोर्टापर्यंत कोण जाणार? तेव्हा अशी चोरी होऊच नये, एवढाच मार्ग किनाऱ्यावर उरतो. पाच हजारांवरची वस्तू गेली असेल, तर मात्र मालवणला परत धावायची गरज नाही. गुन्हा कुठेही घडलेला असो, उंब्रज पोलीस ठाण्यातही फिर्याद देता येते. ती द्या.

आणि यंदा जाणार असाल तर पैसे मोजण्याआधी बोटवाल्याला दोनच गोष्टी विचारा : सामानाला कुलूप आहे का, आणि बोटीत चढणाऱ्यांची नावे लिहिता का? नीट उत्तर मिळाले नाही तर पुढच्या बोटवाल्याकडे जा. मिळाले, तर वहिनीचेही तिकीट काढा.