प्रमाणपत्र एका दिवसाचे, नोंद अनेक वर्षांची

एखाद्या पेढीची पत जोखताना व्यापारी कुटुंबात केवळ एका वर्षाचा ताळेबंद पाहिला जात नाही. मागील पाच-सात वर्षांच्या वह्या मागविल्या जातात, येणी-देणी ताडून पाहिली जातात आणि मगच उधारीचा निर्णय होतो. वापरलेली मोटार घेताना मात्र हीच सावध माणसे चकाकता रंग आणि एक चालू प्रमाणपत्र पाहून समाधान मानतात. मोटार दोन आसनांची स्पोर्ट्‌स कार असेल, तर मोह अधिकच प्रबळ होतो. शिक्षणासाठी अथवा नोकरीनिमित्त ब्रिटनमध्ये गेलेल्या तरुणांपुढे हा मोह सहज उभा राहतो. सुदैवाने तेथे गाडीची जुनी वही उघडून पाहण्याची सोयही आहे.

ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी १९६० साली, अर्नेस्ट मार्पल्स हे वाहतूक मंत्री असताना सुरू झाली. मंत्रालयाच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांवरून तिला ‘एमओटी’ म्हणतात. आरंभी ती दहा वर्षे झालेल्या गाड्यांपुरती होती. १९६७ पासून ती तीन वर्षे झालेल्या गाड्यांना लागू झाली. त्यानंतर दरवर्षी ती करून घ्यावी लागते. मोटारीसाठी केंद्राला जास्तीत जास्त ५४.८५ पौंड शुल्क घेता येते. ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, सस्पेन्शन, टायर, सीटबेल्ट, धूर आणि सांगाड्याचा गंज या बाबी तीत पाहिल्या जातात. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरहून कमी खोल असेल, तर गाडी नापास होते.

मे २०१८ पासून दोषांचे धोकादायक, गंभीर आणि किरकोळ असे तीन वर्ग केले गेले. पहिल्या दोहोंपैकी एकही दोष आढळल्यास गाडी नापास ठरते. याखेरीज ‘सूचना’ हा प्रकार आहे. दोष अद्याप नापास करण्याइतका नाही, पण त्याकडे लक्ष ठेवावे, असा त्याचा अर्थ. गाडीचा क्रमांक घातला की २००५ पासूनचे निकाल शासकीय संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. नापास होण्याची कारणे, सूचना आणि त्या दिवशीचा मैलांचा आकडा हे सारे तेथे नोंदलेले असते.

या नोंदींचे मोल माझदा एमएक्स-५ या गाडीच्या उदाहरणाने स्पष्ट होते. १९८९ साली बाजारात आलेल्या या जपानी गाडीचे उत्पादन २०१६ मध्ये १० लाखांवर पोहोचले. तिचे इंजिन साधे व टिकाऊ म्हणून नावाजलेले आहे. तिचा खरा वैरी म्हणजे गंज. हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून ब्रिटनमधील रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते तळाच्या पत्र्याला खाते. त्यात कापडी छपरावरचे पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या पालापाचोळ्याने तुंबल्या, तर पाणी दारांखालच्या पोकळ पट्टीत साचते व पत्रा आतून कुजतो. बाहेरचा रंग तोवर शाबूत दिसतो. वेळेवर नळी साफ करण्यास काही मिनिटे लागतात. कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करण्यास मोठी रक्कम मोजावी लागते.

हा प्रश्न केवळ देखणेपणाचा नाही. दारांखालची ही पट्टी सांगाड्याला बळकटी देते, आणि छप्पर उघडणाऱ्या गाडीत तर तिच्यावरच भिस्त अधिक असते. म्हणूनच सीटबेल्ट अथवा सस्पेन्शन जेथे जोडलेले असते, त्या जागेपासून ३० सेंटीमीटरच्या आत गंजाने बळकटी गेली असेल, तर तपासनीस गाडी नापास करतो. येथे पैशाइतकाच जीवही पणाला लागलेला असतो.

नोंद वाचण्याचीही एक रीत आहे. समजा, एका गाडीला सलग दोन वर्षे पट्टीच्या गंजाची सूचना मिळाली, आणि तिसऱ्या वर्षी ती सूचनाच नाहीशी झाली. मधल्या काळातील वेल्डिंगचे बिल मालकाने दाखविले, तर शंका मिटते. बिल नसेल, तर गंजावर केवळ काळा थर फासला गेल्याची शक्यता ध्यानात घ्यावी. मैलांचा आकडा एखाद्या वर्षी मागे गेलेला दिसला, तर त्याचा खुलासा मागावा. नापास झालेली गाडी दुसऱ्याच दिवशी दुरुस्त होऊन पास झाली असेल, तर ते वाईट लक्षण नव्हे. तीच सूचना चार वर्षे तशीच राहणे हे अधिक वाईट.

या तपासणीला मर्यादाही आहेत. तपासनीस कोणताही भाग उघडून पाहत नाही. इंजिन, क्लच व गिअरबॉक्स यांची अंतर्गत स्थिती तपासणीच्या कक्षेतच येत नाही. एमएक्स-५ च्या पहिल्या दोन पिढ्यांच्या इंजिनांत ठरावीक अंतरानंतर बदलावा लागणारा टायमिंग बेल्ट असतो. तो बदलला की नाही, हे प्रमाणपत्र सांगत नाही. त्यासाठी सर्व्हिसची बिले आणि विश्वासू मेकॅनिकची नजर लागते.

निकालांच्या तौलनिक याद्या वाचतानाही विवेक हवा. जर्मनीत पहिली तपासणी तीन वर्षांनी व पुढे दर दोन वर्षांनी होते. तेथील ट्युफ संस्थेच्या अहवालांत पोर्शे ९११ ही स्पोर्ट्‌स कार अनेकदा सर्वांत कमी दोषांच्या गाड्यांत झळकली आहे. बांधणी उत्तम, हे खरेच. पण अशा गाड्या बेताच्याच चालविल्या जातात आणि त्यांचे मालक देखभालीवर सढळ हाताने खर्च करतात, हेही तितकेच खरे. म्हणून यादीतील स्थान पाहून नव्हे, तर समोरच्या गाडीची स्वतःची नोंद पाहून किंमत ठरवावी.

भारतात खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते आणि तिच्या नूतनीकरणाच्या वेळीच योग्यतेची तपासणी होते. पीयूसी केवळ धुराविषयी बोलते. त्यामुळे येथे वार्षिक नोंदीचा आधार खरेदीदारास मिळत नाही. ही उणीव मालकाने जपलेल्या बिलांनीच भरून निघते. ज्या घरात दुकानाचे प्रत्येक व्हाउचर तारीखवार लावले जाते, तेथे गाडीसाठीही एक स्वतंत्र फाईल ठेवणे जड नाही. विकताना ती चांगला भाव मिळवून देते, आणि विकत घेताना अशी फाईल मागण्यात संकोच मुळीच नसावा. विक्रेता ती दाखविण्यास टाळाटाळ करू लागला, तर बयाणा देण्यापूर्वीच व्यवहार थांबविणे शहाणपणाचे ठरते.