दाब सांगणाऱ्याचा दोष कोणता?

गेल्या हिवाळ्यात आम्हांस माळव्यात जाण्याचा योग आला. आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध मातेची कन्या लग्नानंतर देवास जिल्ह्यातील टोंकखुर्द या गावी राहते. ती नुकतीच बाळंत झाली होती, आणि नातवंडाचे मुख पाहावे अशी आजीची फार उत्कंठा. गावातल्याच एका तरुणाने आपली गाडी काढली. गाडी डिझेलवर चालणारी, टर्बो बसविलेली. त्याने ती कर्ज काढून घेतली असून तिच्या भाड्यावर त्याचे घर चालते. आजी, तिचा मुलगा, सून व आम्ही असे वसईहून निघालो.

नर्मदेवरील खलघाटचा पूल ओलांडून आम्ही मानपूरच्या घाटाला लागलो आणि गाडीचे बळ एकाएकी गेले. चालकासमोरील फळीवर पिवळा दिवा लागला. पाय कितीही दाबला तरी गाडी मालाने भरलेल्या ट्रकांच्या मागे मागे कष्टाने चढू लागली. मागे बसलेल्या मंडळींनी तर्क सुरू केले. कोणी म्हणाले, डिझेल भेसळीचे भरले असेल. कोणी म्हणाले, पोराने इंजिनाचे तेल वेळेवर बदलले नसेल. आम्हीही मागे राहिलो नाही. "अरे, निघण्यापूर्वी गाडी नीट दाखवून घ्यायची होतीस," असे आम्ही त्यास बोललो. तो मान खाली घालून गाडी हाकीत राहिला.

घाट चढून गेल्यावर वाटेतील एका मोठ्या गॅरेजात गाडी दाखविली. तेथील माणसाने गाडीस स्कॅनर जोडला, 'हवेचा दाब कमी' असा संदेश वाचला, आणि लागलीच प्रेशर सेन्सर बिघडल्याचा निकाल दिला. नवा सेन्सर बसला, दिवा विझला, तरुणाने काही हजार रुपये मोजले. रात्री इंदुरास मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आम्ही पुढे निघालो. टोंकखुर्द दृष्टीच्या टप्प्यात आले असता एका ट्रॅक्टरला मागे टाकण्यासाठी तरुणाने वेग वाढविला, तोच दिवा पुन्हा पेटला व गाडी पुन्हा पांगळी झाली.

येथे वाचकांस थोडे समजावून सांगितले पाहिजे. आपल्या माउल्या चुलीत लाकडे घालून फुंकणीने फुंकतात. वारा मिळाला की तीच लाकडे भडकून जळतात. टर्बो ही इंजिनाची फुंकणी होय. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक चक्र फिरवितो, आणि त्याच दांड्यावरील दुसरे चक्र ताजी हवा दाबून आत पाठविते. आल्फ्रेड ब्यूखी नामक स्विस अभियंत्याने 1905 साली या कल्पनेचे पेटंट घेतले. आत शिरणाऱ्या हवेचा दाब किती, हे सांगण्याचे काम प्रेशर सेन्सर करतो. त्याच्या पोटात सिलिकॉनचा एक अत्यंत पातळ पडदा असतो. दाबाने तो वाकला की विजेचा इशारा बदलतो, आणि त्यावरून गाडीचा संगणक डिझेल मोजून देतो. दाब खरोखरीच कमी असला, अथवा सेन्सरने तो खोटाच कमी सांगितला, तर डिझेलही कमी मिळते. सेन्सरने दाब फुगवून सांगितला तर हवेच्या मानाने डिझेल जास्त होऊन काळा धूर निघतो. हिशेब जुळेनासा झाला म्हणजे संगणक इंजिनास जपण्यासाठी त्याचे बळ आवरून धरतो. आमच्या गाडीचे घाटात हेच झाले होते.

टोंकखुर्द येथील मिस्त्री बहुतेक ट्रॅक्टर दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांनी सर्व हकिकत ऐकून घेतली आणि पहिलाच प्रश्न केला तो असा: "जुना सेन्सर टाकून तर दिला नाही ना?" तरुणाने तो वर्तमानपत्राच्या कागदात जपून ठेवला होता.

मिस्त्रींनी इंजिन सुरू न करता केवळ चावी फिरविली व स्कॅनरवरील आकडा पाहिला. इंजिन बंद असताना नळीतील दाब बाहेरच्या हवेइतकाच असला पाहिजे. समुद्रकाठी तो सुमारे 101 किलोपास्कल असतो. माळव्याचे पठार समुद्रसपाटीहून सुमारे 500 मीटर उंच असल्याने तेथे तो 95 च्या आसपास भरतो. नव्या सेन्सरने 95 दाखविले. मग त्यांनी जुना सेन्सर काजळी पुसून जोडला. त्यानेही 95 च दाखविले! गाडीच्या संगणकात बाहेरच्या हवेचा दाब मोजणारे आणखी एक साधन होते. त्याचीही साक्ष तीच. तोंडाने किंचित फुंकताच जुन्या सेन्सरचा आकडा वाढे आणि सोडताच जागेवर येई. बिचारा निर्दोष होता.

मग मिस्त्री स्वतः गाडीत बसले व तरुणास रस्त्यावर जोराने हाकावयास सांगितले. संगणक 200 चा दाब मागत होता आणि मिळत होता 130. परत येऊन त्यांनी टर्बोपासून निघालेली रबरी नळी बोटांनी चाचपली. एका पट्टीखाली तेलाचा ओलसर डाग होता. पट्टी सोडून नळी वाकविली तेव्हा खालच्या अंगास बोटाच्या पेराएवढी चीर उघडली. गाडी उभी असताना ही चीर मिटलेली राही, आणि दाब वाढला की उघडून हवा बाहेर सोडी. मिस्त्रींनी फाटलेले टोक कापले, नळी घट्ट बसविली, देवासला गेल्यावर नवी घालावी असे सांगितले, आणि मजुरी अगदी माफक घेतली.

वाचकहो, पहिल्या गॅरेजातील चूक नीट ध्यानात घ्या. संदेश होता 'दाब कमी आहे'. दाब सांगणारा खोटा आहे, असे त्यात कोठेही नव्हते. पण बातमी आणणाराच हाती सापडला म्हणून शिक्षा त्याला झाली.

साक्षीदाराची पारख करण्याची रीत जुनी आहे. हवेचा दाब ज्या पास्कलच्या नावाने मोजतात, त्या ब्लेझ पास्कलच्या सांगण्यावरून त्याचे मेहुणे पेरिये हे 19 सप्टेंबर 1648 रोजी फ्रान्समधील प्युइ-द-दोम या डोंगरावर पाऱ्याची नळी घेऊन चढले. माथ्यावर पारा तीन इंचांहून अधिक उतरला. परंतु तशीच दुसरी नळी त्यांनी पायथ्याच्या क्लेरमाँ गावी मिनिम संघाच्या मठात, बागेत ठेवली होती. फादर शास्तँ नावाचे धर्मगुरू दिवसभर तिच्याकडे पाहत बसले. सायंकाळी त्यांनी सांगितले की आपला पारा जराही हलला नाही. डोंगर चढण्याचे श्रम इतरांनी केले खरे. पण खाली बसलेल्या या फादरांच्या साक्षीवाचून, पारा उंचीमुळे उतरला की त्या दिवशी हवाच पालटली, हे कोणास ठरविता आले असते? टोंकखुर्दच्या मिस्त्रींनीही तेच केले. एका साधनाची साक्ष दुसऱ्याशी ताडून पाहिली.

आमच्या गावांतही आता अशा गाड्या पुष्कळ झाल्या आहेत, म्हणून थोडे व्यवहाराचे सांगतो. सेन्सर बदलण्यापूर्वी इंजिन बंद ठेवून त्याचा आकडा पाहण्यास सांगा. तो हवेच्या दाबाशी मुळीच जुळत नसेल, किंवा इंजिनाचा जोर वाढवूनही जागचा हलत नसेल, तर संशयास जागा आहे. तरीही प्रथम तारा पाहाव्या. सेन्सरला 5 व्होल्ट वीज पोहोचते काय, खाऱ्या हवेने सॉकेटात हिरवा गंज धरला आहे काय, उंदरांनी तार कुरतडली आहे काय, हे तपासावे. काजळी साचली असल्यास ती हलक्या हाताने काढावी. नळ्या व पट्ट्या चाचपाव्या. इतके करूनही सेन्सर खोटेच बोलू लागला, तर मात्र तो खुशाल बदलावा. आणि काढलेला भाग नेहमी मागून घ्यावा.

त्या सायंकाळी आजीने नातवाला मांडीवर घेतले, तेव्हा घरात आनंदीआनंद झाला. तरुण मात्र बाहेर गाडीजवळ उभा होता. आम्ही त्याच्यापाशी गेलो आणि घाटातील आमच्या बोलण्याबद्दल त्याची क्षमा मागितली. तो संकोचला, व म्हणाला, "फादर, तेल मी निघण्याच्या आदल्या दिवशीच बदलले होते." ही गोष्ट त्याने घाटात का सांगितली नाही, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "तेव्हा कोणी विचारले नाही."

नव्या सेन्सरचे पैसे परत मिळणारे नव्हते. परतीच्या वाटेवर आम्ही सर्वांनी मिळून ते त्याला भरून दिले. जुना सेन्सर त्याने तसाच कागदात गुंडाळून गाडीत ठेवला आहे.