वर्षे पाचच, वाटा मात्र निरनिराळ्या

बारावीचा निकाल लागला की मध्यमवर्गीय घरांतून एक ठरावीक चर्चा सुरू होते. वैद्यकीय की अभियांत्रिकी, एवढाच तिचा आवाका. "मला विज्ञानच शिकायचे आहे," असे एखाद्या मुलाने म्हटले, तर घरात क्षणभर शांतता पसरते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारी असाच प्रसंग उद्भवला. शेजाऱ्यांच्या कन्येला रसायनशास्त्राची ओढ. तिच्यापुढे दोन पर्याय होते : 'आयसर'मधील पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम किंवा गावातल्याच महाविद्यालयात बी.एस्सी. वडिलांचा कल पहिल्याकडे, कारण संस्थेचे नाव मोठे. आईचा दुसऱ्याकडे, कारण मुलगी डोळ्यांसमोर राहील. मुलीने मात्र मला तिसरेच विचारले, "काका, दोन वर्षांनी मला हे नकोसे झाले तर?"

मी कला शाखेचा पदवीधर. विज्ञानाच्या प्रांतात माझा अधिकार नाही, पण पत्रकाराला चौकशी करण्याची सवय असते. काही प्राध्यापकांशी आणि विद्यार्थ्यांशी बोललो. त्यातून जे उमगले, ते अशाच पेचात सापडलेल्या इतर पालकांच्याही उपयोगी पडावे.

प्रथम हे एकात्मिक अभ्यासक्रम का आले, ते पाहू. आपल्याकडे संशोधन एका आवारात आणि पदवीचे शिक्षण दुसऱ्या आवारात, अशी विभागणी दीर्घकाळ राहिली. संशोधक तरुण विद्यार्थ्यांना शिकवीत नसत आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्याला चालू संशोधनाचे दर्शनही घडत नसे. ही भिंत पाडण्यासाठी २००६ मध्ये पुणे व कोलकाता येथे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, म्हणजेच आयसर, स्थापन झाल्या. त्यापाठोपाठ मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि ब्रह्मपूर (ओडिशा) येथे त्या निघाल्या. २००७ मध्ये भुवनेश्वरला 'नायसर' आणि मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात अणुऊर्जा विभागाच्या सहकार्याने मूलभूत विज्ञानाचे केंद्र सुरू झाले. आयसरसाठी त्यांची स्वतःची अभियोग्यता चाचणी असते, तर भुवनेश्वर आणि कलिना येथील प्रवेश 'नेस्ट' परीक्षेतून होतात.

आता वर्षांचा हिशेब मांडू. जुन्या पद्धतीने तीन वर्षांची बी.एस्सी. आणि दोन वर्षांची एम.एस्सी., एकूण पाच. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची ऑनर्स पदवी आणि एक वर्षाची एम.एस्सी., पुन्हा पाच. एकात्मिक अभ्यासक्रमही पाचच वर्षांचा. म्हणजे 'वेळ वाचतो' हा युक्तिवाद फोल ठरतो. वर्षे तेवढीच आहेत. वाटेत फाटे किती आणि कोठे आहेत, एवढाच भेद आहे.

एकात्मिक अभ्यासक्रमाचे बळ निर्विवाद आहे. आयसरमध्ये सुरुवातीच्या सत्रांत जीवशास्त्र, रसायन, गणित आणि भौतिकी हे सारे विषय शिकावे लागतात, विशेष विषयाची निवड नंतर होते आणि अखेरचे वर्ष संशोधन प्रबंधाला दिलेले असते. शिकवणारा प्राध्यापक स्वतः प्रयोगशाळा चालवीत असतो. याउलट आपल्या अनेक महाविद्यालयांचे चित्र कसे आहे? मान्य जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावर नेमलेले शिक्षक, आणि उत्तर आधी ठाऊक असल्याने 'रीडिंग' जुळवून भरलेली जर्नले. ही उणीव झाकण्यात अर्थ नाही. ज्याला संशोधनच करायचे आहे, त्याने एकात्मिक अभ्यासक्रमाची संधी सोडू नये, हे मी निःशंकपणे म्हणेन.

पण सतराव्या वर्षी असे ठामपणे किती मुलांना सांगता येते? बी.एस्सी.चे महत्त्व येथे आहे. तीन वर्षांनी हाती पदवी येते आणि विद्यार्थी थांबून विचार करू शकतो. 'जॅम' ही परीक्षा देऊन तो आयआयटीत एम.एस्सी.ला जाऊ शकतो किंवा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एकात्मिक पीएच.डी.ची वाट धरू शकतो. स्पर्धा परीक्षा, बी.एड., व्यवस्थापन, संगणक असे मार्गही त्याला मोकळे असतात. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी किमान ७५ टक्के गुणांनी उत्तीर्ण होणारा थेट पीएच.डी.च्या प्रवेशास पात्र ठरतो. पूर्वी तीन वर्षांच्या पदवीमुळे अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत अडचण येई, तीही चौथ्या वर्षाने बरीचशी दूर होते. म्हणजे बी.एस्सी. ही आता पूर्वीची अर्धवट शिडी राहिलेली नाही.

इतिहासही हेच सांगतो. जयंत नारळीकर १९५७ मध्ये काशी हिंदू विश्वविद्यालयातून बी.एस्सी. होऊन केंब्रिजला गेले. कमला सोहोनी यांनी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. घेतली आणि स्त्री म्हणून नकार मिळूनही झगडून बंगळूरच्या संस्थेत प्रवेश मिळविला. त्या काळी एकात्मिक पर्याय नव्हता, हे खरे. त्यामुळे या उदाहरणांवरून बी.एस्सी. श्रेष्ठ ठरत नाही. जिज्ञासा असेल तर बी.एस्सी. आड येत नाही, एवढे मात्र सिद्ध होते.

म्हणून निर्णयापूर्वी काही गोष्टी तपासाव्यात. मूल परीक्षेपलीकडचे त्या विषयातील काही स्वतःहून वाचते का? गावातल्या महाविद्यालयात त्या विषयाचे पूर्णवेळ प्राध्यापक किती आहेत आणि प्रयोगशाळा रोज उघडते का? एकात्मिक अभ्यासक्रम मध्येच सोडावा लागला, तर कोणत्या टप्प्यावर कोणती पदवी मिळते? हा नियम संस्थेच्या चालू माहितीपुस्तिकेत स्वतः वाचावा, ऐकीव माहितीवर विसंबू नये. वसतिगृह, खाणावळ आणि प्रवास यांचा पाच वर्षांचा खर्चही कागदावर मांडावा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिले वर्ष इंग्रजीमुळे जड जाते. तेव्हा घराने धीर दिला, तर पुढे ते सावरते. नाही तर हुशार मूलही स्वतःला मठ्ठ समजू लागते.

सर्वांत घातक कारण एकच : 'दुसरीकडे नंबर लागला नाही म्हणून विज्ञान.' अशा मनाने घेतलेली पाच वर्षे ही शिक्षाच होय, मग संस्था कितीही नामांकित असो.

प्रवेशाची मुदत संपण्याच्या दोन दिवस आधी शेजारी पुन्हा आले. "सर्व माहिती काढलीत ना? मग तिला काय सांगू?"

मी म्हणालो, "सांगू नका. तिला विचारा. आणि दोन वर्षांनी नकोसे झाले, तर घरी परत येण्यात कमीपणा नाही, एवढे मात्र आजच सांगून ठेवा."

त्या रात्री बापलेक उशिरापर्यंत गच्चीवर बोलत बसले होते. पंधरा दिवसांनी ती पुण्याला निघाली, तेव्हा निरोप द्यायला आम्ही सारे स्थानकावर होतो. आईचे डोळे पाणावले होते. मुलगी मात्र निश्चिंत दिसत होती. परतीचे दार उघडे आहे, हे तिला ठाऊक होते.