विश्लेषण : ‘नैसर्गिक ओझेम्पिक’ म्हणून गाजलेले बर्बेरिन पोटात नेमके काय करते?

पिवळ्या रंगाची, चवीला कडूजहर अशी एक पूड. चीनमध्ये ती शतकानुशतके जुलाबावर दिली जाते. २०२३ मध्ये टिकटॉकवर तिला ‘नैसर्गिक ओझेम्पिक’ असे नाव पडले आणि वजन घटवण्यासाठी बर्बेरिनच्या गोळ्यांचा खप वाढला. ‘हे औषध आतड्यातल्या जिवाणूंवर काम करते, म्हणजे प्राचीन चिनी वैद्यकाला विज्ञानाने मान्यता दिली,’ असा दावाही सोबत फिरू लागला. या दाव्यात तथ्य किती आणि अतिशयोक्ती किती?

बर्बेरिन काय आहे?

बर्बेरिन हे अनेक वनस्पतींमध्ये आढळणारे रसायन आहे. पारंपरिक चिनी वैद्यकात ते ‘हुआंगलिआन’ नावाच्या वनस्पतीच्या मुळाशी असलेल्या गाठाळ खोडातून मिळते. आपल्याकडे आयुर्वेदात वापरली जाणारी दारुहळदही याच रसायनामुळे पिवळी असते. चीनमध्ये बर्बेरिनच्या गोळ्या जुलाबावर सर्रास वापरल्या जातात. जुलाबासाठी त्या घेणाऱ्या मधुमेही रुग्णांची साखर उतरते, असे १९८०च्या दशकात तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आले आणि संशोधनाला नवी दिशा मिळाली.

कोडे काय होते?

तोंडावाटे घेतलेले बर्बेरिन रक्तात जवळपास पोहोचतच नाही. प्राण्यांवरील प्रयोगांत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आढळले. मग रक्तातली साखर कमी होते ती कशी? संशोधकांचे लक्ष आतड्याकडे वळले. माणसाच्या शरीरात अंदाजे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. यांतले काही जिवाणू बर्बेरिनचे रूप बदलतात आणि बदललेले रूप आतड्यात अधिक सहज शोषले जाते, असे चिनी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले. दुसरीकडे, बर्बेरिनही जिवाणूंची घडी बदलते. म्हणजे परिणाम दोन्ही बाजूंनी होतो.

जिवाणूंनी औषधाला ‘जागे’ करण्याचे हे एकमेव उदाहरण नाही. बद्धकोष्ठतेवर आपल्याकडे सोनामुखी घेतात, चीनमध्ये रेवंदचिनी. दोन्हींत सेनोसाइड नावाची द्रव्ये असतात. ती मूळ रूपात फारसे काही करत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांचे विघटन करतात, तेव्हा कुठे पोट साफ होते. एकच काढा दोन माणसांवर वेगवेगळा परिणाम का करतो, याचे एक कारण इथे सापडू शकते.

चाचणीत काय दिसले?

२०२० मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये चीनमधील एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. टाइप २ मधुमेहाचे नुकतेच निदान झालेले ४०९ रुग्ण तीत होते. त्यांचे चार गट करून १२ आठवडे उपचार दिले गेले. मागच्या सुमारे तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारे ‘एचबीए१सी’ बर्बेरिनच्या गटात सरासरी ०.९९ अंकांनी घटले. बनावट गोळी घेणाऱ्यांमध्येही ते ०.५९ अंकांनी घटले होते. म्हणजे बर्बेरिनचा स्वतःचा वाटा सुमारे ०.४ अंकांचा. फरक खरा आहे, पण चमत्कार नव्हे.

या चाचणीतला आणखी एक निष्कर्ष समाजमाध्यमांवर फारसा दिसत नाही. नुसते प्रोबायोटिक घेणाऱ्या गटात घट ०.५३ इतकीच होती, म्हणजे बनावट गोळीपेक्षा सरस नाही. बर्बेरिन घेणाऱ्यांमध्ये पोटाच्या तक्रारीही अधिक होत्या.

‘सगळे आजार पोटातून’ हे खरे का?

मधुमेह, लठ्ठपणा, नैराश्य, पार्किन्सन अशा अनेक आजारांत आतड्यातल्या जिवाणूंची रचना वेगळी आढळते. पण ती आजाराचे कारण आहे की परिणाम, हे ठरवणे कठीण असते. चिनी संशोधकांनी २०१२ मध्ये मधुमेहींच्या जिवाणूंमधले फरक नोंदवले आणि त्याची जगभर चर्चा झाली. २०१५ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासाने दाखवले, की मधुमेहाशी जोडलेले यातले काही फरक खरे तर मेटफॉर्मिन या औषधामुळे होते. आजाराचा ठसा म्हणून जे मोजले जात होते, त्यात उपचाराचा ठसा मिसळला होता.

जिवाणू बदलले की आजार बरा होतो, याचा सर्वात भक्कम पुरावा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूमुळे पुन्हापुन्हा होणाऱ्या जुलाबांबाबत मिळाला. २०१३ मध्ये नेदरलँड्समधील चाचणीत निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू आतड्यात सोडल्यावर १६ पैकी १५ रुग्ण बरे झाले. प्रतिजैविकाने १३ पैकी चारच. या उपचाराचे मूळही चीनमध्ये शोधले जाते. चौथ्या शतकातील वैद्य गे होंग यांनी विषबाधा आणि तीव्र जुलाबावर विष्ठेच्या द्रावणाचा उल्लेख केला आहे. पण आजचा उपचार मान्य झाला तो या उल्लेखामुळे नव्हे, दात्यांच्या तपासण्या आणि तुलनात्मक चाचण्यांमुळे.

मग परंपरा सिद्ध झाली का?

एका वनस्पतीतले एक रसायन, एका आजारावर, मोजून दिलेल्या मात्रेत काही प्रमाणात उपयोगी ठरले, एवढेच सिद्ध झाले आहे. हुआंगलिआन परंपरेने पोटाच्या तक्रारींवर दिले जाई. वजन घटवण्याचा दावा आजच्या बाजाराचा आहे. ओझेम्पिकमधील सेमाग्लुटाइडने मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन घटले. बर्बेरिनने वजनात पडणारा फरक त्या तुलनेत किरकोळ आहे आणि दोघांची काम करण्याची पद्धतही वेगळी आहे.

धोका कोणाला?

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे. बर्बेरिनमुळे नवजात बाळाची कावीळ बळावू शकते. त्यामुळे गरोदर व स्तनपान देणाऱ्या महिलांनी ते टाळावे, बाळाला तर देऊच नये. यकृतात औषधे ज्या मार्गाने विघटित होतात त्यात ते अडथळा आणते. त्यामुळे मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर दिल्या जाणाऱ्या सायक्लोस्पोरिनसारख्या औषधाची रक्तातील पातळी वाढू शकते. मधुमेहाच्या गोळ्यांसोबत घेतल्यास साखर गरजेपेक्षा खाली जाण्याची भीती असते.

सर्वात मोठा धोका मात्र गोळीत नाही. रील पाहून सुरू असलेली औषधे परस्पर बंद करणाऱ्या मधुमेहींना तो आहे. साखर वाढल्याचे लगेच जाणवत नाही. डोळे आणि मूत्रपिंडावरचा परिणाम दिसेपर्यंत बराच काळ गेलेला असतो. बर्बेरिन किंवा दारुहळदीची गोळी घ्यायचीच असेल, तर आधी सुरू असलेल्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी आणि त्यांतले एकही औषध स्वतःहून बंद करू नये.