आधी माईक, मग डेसिबल

प्रयोगशाळेतला आवाज मोजायचा म्हटलं की आपण थेट स्वस्तातला साउंड सेन्सर आणतो. आर्डुइनोला जोडला, स्क्रीनवर आकडा आला, की झाला प्रोजेक्ट! पण त्या बोर्डवरचा एलएम३९३ फक्त आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की नाही, एवढंच सांगतो. ती पातळीही आपणच स्क्रू फिरवून ठरवतो. याला डेसिबल कसं म्हणायचं?

माईक निवडताना पहिला प्रश्न हवा, मोजायचं काय? प्रत्येक माईकचा स्वतःचाही आवाज असतो. आयएनएमपी४४१ या मेम्स माईकचा सिग्नल-टू-नॉइज रेशो ६१ डेसिबल, आणि तो ९४ डेसिबलच्या आवाजाशी तुलना करून दिलेला असतो. म्हणजे ९४ वजा ६१, सुमारे ३३ डेसिबलखालची शांतता त्याला कळतच नाही. सिंदी मेघेत मे महिन्यात कूलर घरघरणाऱ्या लॅबला तो चालेल, रात्रीच्या रिकाम्या खोलीला नाही. तिथे अर्धा इंची मेजरमेंट माईकच हवा.

माझं मत स्पष्ट आहे. दहा सेन्सर घेण्यापेक्षा विभागाने एक चांगला माईक आणि १ किलोहर्ट्झला ९४ डेसिबल देणारा कॅलिब्रेटर घ्यावा, तो सर्वांनी वापरावा.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत शांतता क्षेत्राची मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल आहे. उद्या डीजेविरुद्ध तक्रार करायची वेळ आली, तर न तपासलेल्या माईकचा आकडा कोण मानणार? तेव्हा जर्नलमध्ये डेसिबल लिहिण्याआधी माईक तपासा. नाहीतर सरळ ‘आवाज जास्त होता’ असं लिहा, ते तरी खरं असेल!