पडदा अंधारला म्हणजे यंत्र मेलें असें नव्हे

घरांतील एखादी वस्तु बंद पडली कीं दोन प्रकारचीं माणसें पुढें सरसावतात. एक म्हणतो, "टाकून द्या, नवी आणूं". दुसरा तत्काळ स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ती उघडावयास बसतो. आमच्या मतें दोघेही सारखेच उतावळे. नाडी पाहिल्यावांचून मात्रा उगाळणाऱ्या वैद्यास आपण दारांत उभें करीत नाहीं. मग यंत्राच्या बाबतींत निदानावांचून चिकित्सा कां करावी? या महिन्यांत हा विचार एका लहानशा यंत्रास लावून पाहावयाचा आहे, कारण तसा प्रसंग एका वाचक कुटुंबावर प्रत्यक्ष आला आहे.

कोंकणांतील एक भगिनी लिहितात कीं, परदेशीं असलेल्या थोरल्या भावजींनीं २००६ सालीं घरीं आयपॉड नांवाचें खिशांतील संगीतयंत्र आणलें. त्यास बाहेरून मायक्रोफोन जोडून सासूबाईंच्या आवाजांतील जात्यावरच्या ओव्या त्यांत उतरवून घेतल्या. सासूबाई आतां नाहींत, आणि त्या ओव्यांची दुसरी प्रत घरांत कोठेंही नाहीं. गेल्या पावसाळ्यापासून यंत्राचा पडदा काळा पडला आहे. दुकानदारानें "जुना माल, याचें कांहीं होणार नाहीं" असें सांगून तें परत केलें. यजमान म्हणतात, उघडून पाहूं. मामंजी म्हणतात, कोणीं हात लावूं नये. कोणाचें ऐकावें, असा त्यांचा प्रश्न आहे.

आमचें उत्तर असें कीं, दोघांचेंही ऐकावें. मात्र मामंजींचें आधीं आणि यजमानांचें मागाहून. ओव्या पडद्यांत नाहींत. त्या यंत्राच्या पोटांतील चकतीवर आहेत. पडदा ही घराची खिडकी आहे. खिडकी बंद झाली म्हणून घरांतील माणूस गेला, असें कोणी समजत नाहीं.

या यंत्राची जात थोडक्यांत सांगतों. पहिला आयपॉड ॲपल कंपनीनें ऑक्टोबर २००१ मध्यें बाहेर काढला. पत्रांतील यंत्र २००५ च्या ऑक्टोबरांत निघालेल्या पांचव्या पिढीचें दिसतें; पाठीवर बारीक अक्षरांत ए ११३६ असा क्रमांक असल्यास तें नक्की समजावें. या सर्व घराण्याची विक्री चालूं साठा संपेपर्यंतच राहील, असें कंपनीनें मे २०२२ मध्यें जाहीर केलें. तेव्हां जुन्या यंत्राची निगा आतां मालकानेंच राखली पाहिजे.

पडदा अडीच इंचांचा आहे. त्यांत आडवे ३२० व उभे २४० असे एकूण ७६,८०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपका म्हणजे द्रवस्फटिकाचें एक बारीक दार. हा पदार्थ धड द्रव नव्हे आणि धड स्फटिकही नव्हे. प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख रायनित्झर यांस त्याचा हा चमत्कारिक स्वभाव १८८८ सालीं आढळला. विजेच्या इशाऱ्यानें त्याचे रेणू वळतात आणि प्रकाशास वाट देतात किंवा अडवितात. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, द्रवस्फटिक स्वतः प्रकाशत नाहीं. उजेड मागील बाजूच्या लहान एलईडी दिव्यांचा असतो. म्हणजे चित्र दिसण्यास तीन गोष्टी लागतात: मागचा दिवा, पुढचीं दारें, आणि मुख्य पाटीवरून आज्ञा आणणारी एक चपटी केबल. यांपैकीं बिघडलें काय, हें ठरविणें म्हणजेच निदान.

आयुर्वेदांत रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. येथेंही तोच क्रम उपयोगीं पडतो. यंत्र पडलें होतें काय, दमट जागीं होतें काय, हें कारण. काळें होण्यापूर्वीं पडदा लुकलुकत होता कीं हळूं हळूं मंद झाला, हें पूर्वरूप. मग रूप पाहावें. यंत्र तीन-चार तास चार्ज करून अंधाऱ्या खोलींत न्यावें आणि पडद्यावर टॉर्चचा उजेड तिरपा टाकावा. पुसट अक्षरें दिसलीं तर दारें शाबूत आहेत, दिवा गेला. उजेड आहे पण सर्व पांढरें, तर केबल सुटली असावी किंवा पडद्याची आज्ञा घेण्याची शक्ति गेली असावी. शाई सांडल्यासारखा डाग पसरला असेल तर आंतील कांच फुटली. तेथें उपाय एकच, पडदा बदलणें. कांहींच दिसलें नाहीं तरी चक्रावर बोट फिरवून कान द्यावा. टिक्-टिक् ऐकूं आली तर यंत्राचा मेंदू जागा आहे. धूर पाहून अग्नि ओळखावा तसें हें अनुमान आहे.

यंत्र जागें असल्याचें कळलें कीं पहिलें काम ओव्या बाहेर काढण्याचें. त्यास पडद्याची गरज नाहीं. वरच्या कडेचा 'होल्ड' खटका एकदां लावून सोडावा. नंतर 'मेन्यू' व मधलें बटण सहा ते आठ सेकंद एकत्र दाबून धरावें. यंत्र नव्यानें सुरू होतें. लगेच तीं सोडून मधलें व 'प्ले' हीं दोन बटणें दाबून धरावीं. अशा रीतीनें तें निव्वळ चकतीप्रमाणें वागूं लागतें, आणि संगणकास जोडतांच तेथें त्याचें नांव दिसतें. आवाजाच्या नोंदी बहुधा 'रेकॉर्डिंग्ज' या कप्प्यांत सांपडतील. तो सबंध उतरवून घ्यावा. संगणकानें मध्येंच 'फॉरमॅट', 'रिस्टोअर' किंवा 'इरेज' असें विचारल्यास होकार देऊं नये. त्या एका होकारानें सर्व पुसलें जातें. मॅक संगणकावर प्रथम बांधलेली चकती विंडोजला वाचतां येत नाहीं, म्हणून तो असा प्रश्न विचारतो. अशा वेळीं शेजाऱ्यांचा मॅक मागावा.

प्रत दोन ठिकाणीं सुरक्षित झाली म्हणजे यजमानांनीं खुशाल यंत्र उघडावें. तत्पूर्वीं पाठ टेबलावर ठेवून पाहावी. ती डुगडुगत असेल, किंवा सांध्यांत फट पडली असेल, तर आंतील लिथियमची बॅटरी फुगली आहे. तीच मागून पडद्यास दाबून डाग पाडते. तिला टोंचूं नये, वांकवूं नये; असें यंत्र जाणत्या कारागिराकडेच द्यावें.

तसें नसेल तर होल्ड खटका लावून, प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीनें सांध्यांतील आंकडे एकेक सोडवावे. दोन्ही अर्धें झटक्यानें वेगळीं करूं नयेत, कारण बॅटरीची आणि कानांत घालावयाच्या जोडाची अशा दोन केबली पाठीपासून पाटीकडे गेलेल्या असतात. प्रथम बॅटरीचा जोड सोडवावा. मग चकती बाजूस करून पडद्याच्या केबलीचा बारीक खटका उचलावा, टोंक आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्यानें पुसून वाळवावें आणि सरळ परत बसवावें. दमट हवेनें जोडावर चढलेला मळ हेंच पुष्कळदां मूळ असतें. झांकण मिटण्यापूर्वीं बॅटरी जोडून पाहावें. चित्र आलें तर हाच उपशय, आणि रोग जोडांतच होता हें सिद्ध झालें. न आल्यास किंवा दिवाच गेला असल्यास, पाठीवरील क्रमांकाशीं जुळणारा पडदा मागवावा. दिवा पडद्याच्याच जुडग्यांत असल्यानें दोन्ही एकदम बदलतात.

पत्र एका घरचें असलें तरी अशीं यंत्रें पुष्कळांच्या कपाटांत पडून असतील. येत्या रविवारीं तीं बाहेर काढावीं, पाठ फुगली नाहीं ना हें पाहून चार्ज करावीं, आणि आंत कोणाचा आवाज आहे हें घरांतील वडील माणसांस विचारावें. तो कोणाचा, कोणत्या सालचा, हें सांगणारें माणूस घरांत आहे तोंवर प्रत काढून तिच्यावर नांव व साल लिहून ठेवावें.